विचारलंच नाही, म्हणून सांगितलं नाही

'मायनर टचअप' ह्या दोन शब्दांवर माझा राग आहे. जुनी गाडी विकणाऱ्याच्या तोंडी ते इतके बसलेत की बंपरवर ओरखडा उठला तरी मायनर टचअप, आणि गाडी डिव्हायडरवर चढून पुढचं चाक मडगार्डमध्ये घुसलं तरी मायनर टचअप! त्यातून गाडी मॉडिफाय केलेली असेल तर आणखी ठेवणीतली वाक्यं बाहेर येतात. 'शौकीन माणसाची गाडी', 'पोरासारखी सांभाळली', 'टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये'.

मित्रांनो, मी काही मॉडिफिकेशनच्या विरोधात नाही. मेकॅनिकलला आहे, टर्बोचा आवाज मलाही आवडतो. ॲक्सिडेंट झालेली गाडी विकूच नये असंही माझं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच आहे की अशा गाडीचा ॲक्सिडेंट घेणाऱ्याला सांगितल्याशिवाय विकणं ही फसवणूक आहे, आणि साध्या गाडीपेक्षा मॉडिफाय केलेल्या गाडीत ती जास्त मोठी आहे. कारण साध्या गाडीचा ॲक्सिडेंट कुठेतरी कागदावर राहतो. हिचा राहत नाही.

का राहत नाही, ते नीट समजून घेऊ या.

मी चंदनसारची. विरार पूर्वेला भाटपाड्यातल्या आरटीओमुळे आमच्या भागात एजंट, झेरॉक्सवाले, फॉर्म भरून देणारे ह्यांची कायम वर्दळ. एमएच-४८ च्या गाड्यांची कागदपत्रं बघत मी मोठी झाले म्हणा ना. बाकी मुलांना पाढ्यातले २९-३० आठवतात, मला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० आठवतात! पहिला गाडी विकल्याची सूचना, दुसरा नाव बदलून घेण्याचा अर्ज. सोबत आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. ह्या सगळ्या कागदांमध्ये 'ह्या गाडीला अपघात झाला होता का' असा रकाना कुठेच नाही. नाव बदलताना गाडीचा पिलर कोणी ठोकून बघत नाही.

मग घेणारा काय बघतो? थोडा हुशार असेल तर इन्शुरन्सची पॉलिसी बघतो. त्यावर 'नो क्लेम बोनस' छापलेला असतो. एक वर्ष क्लेम केला नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के. एक क्लेम केला की पुन्हा शून्य. त्यामुळे पॉलिसीवर ५० टक्के दिसले की माणूस खूष, 'पाच वर्षांत काही झालेलं नाही!' पण तो आकडा सांगतो की पाच वर्षांत क्लेम झालेला नाही. ॲक्सिडेंट झालेला नाही, असं तो कुठे म्हणतो?

इथेच मॉडिफिकेशन येतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. सीएनजी किटसारख्या ठरलेल्या परवानग्या वेगळ्या. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आता ज्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून डाउनपाइप घातलाय, ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललंय आणि इन्शुरन्स कंपनीला ह्यातलं अक्षरही कळवलेलं नाही, तो ठोकल्यावर क्लेम कसा करणार? सर्व्हेअर बॉनेट उघडणार, बघणार आणि क्लेम नाकारणार. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाही तो जात नाही, कारण तिथे कॉम्प्युटरवर नोंद होते. म्हणून गाडी रात्री टोइंगने ओळखीच्या गॅरेजमध्ये जाते, पैसे रोख दिले जातात, बिल नसतं. बोनस मात्र ५० टक्क्यांवर शाबूत! म्हणजे जी गाडी सगळ्यात जोरात चालवली गेली, तिचाच कागद सगळ्यात स्वच्छ.

हे मी पुस्तकातून लिहीत नाहीये. दिवाळीच्या सुट्टीआधी आपल्या एका लॅबमधल्या काकांनी मला थांबवलं. "तुझ्या घराजवळ आरटीओ आहे ना गं? मग मला जरा सांग, ह्या गाडीचे पेपर बरोबर आहेत का?" एका फायनल इयरच्या सीनियरची गाडी होती. कुठली ते लिहीत नाही, कॅम्पसमध्ये लगेच ओळखाल. किंमत ४ लाख १० हजार. काका पतपेढीचं कर्ज काढणार होते, गणपतीला कोकणात घरच्यांना घेऊन जायला स्वतःची गाडी हवी म्हणून. पेपर अगदी चोख होते. नो क्लेम बोनस ५० टक्के. काकांना वाटत होतं की तो बोनस गाडीबरोबर आपल्यालाच मिळणार. (तो मालकाचा असतो, गाडीचा नाही. विकणारा तो आपल्या पुढच्या गाडीला घेऊन जातो.)

पेपर बघून झाल्यावर मी म्हटलं, "काका, चला, गाडीही बघू या."

आता इथे जरा रेंगाळते, कारण हे सगळ्यांच्या कामाचं आहे आणि त्याला डिग्री लागत नाही. गाडीच्या प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीच्या चिन्हाबरोबर वर्षाची खूण असते. गाडी २०१६ ची, बाकी काचा २०१६ च्या, पुढची काच मात्र नंतरची. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, हायवेवर दगड लागूनही काच फुटते. मग सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला. तळाशी शिवलेल्या पट्टीवर तारीख असते. पुढचे दोन्ही बेल्ट २०१९ चे! जोराची टक्कर झाली की बेल्ट आपोआप आवळला जातो आणि मग तो बदलावाच लागतो. पुढचे दोन्ही बेल्ट हौस म्हणून कोणी बदलत नाही, आणि २०१९ चे म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी तुटलेल्या गाडीतले असणार. बॉनेट उघडलं. उजवीकडच्या एप्रनवर कंपनीच्या स्पॉट वेल्डचे गोल ठिपके सारख्या अंतरावर होते. डावीकडे ठिपकेच नाहीत, हाताने ओढलेली सीलंटची जाड रेघ. मडगार्डच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला. काकांच्या टिफिनच्या पिशवीत फ्रिजवरचं लोहचुंबक नव्हतं, नाहीतर तेही लावून बघितलं असतं. लांबी भरलेल्या जागी ते नीट चिकटत नाही. कंपनीचा रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनचा असतो, लांबी भरली की तो कित्येक पटींनी जाड होतो.

एअरबॅगबद्दल मात्र काहीच कळलं नाही. बेल्ट आवळले गेले असतील तर एअरबॅगही उघडली असणार. मग ती नवीन बसवली का? स्टिअरिंगचं कव्हर व्यवस्थित होतं, डॅशबोर्डवरचा दिवाही सुरुवातीला लागून विझत होता. पण दिवा विझणं म्हणजे एअरबॅग असणं नव्हे. काही गॅरेजमध्ये एअरबॅगच्या जागी दोन रुपयांचा रेझिस्टर टाकून सिस्टिमला फसवतात, हे वायरिंगचं काम करणारा कोणीही सांगेल. स्टिअरिंग उघडल्याशिवाय ते दिसत नाही, आणि घेणारा काही स्टिअरिंग उघडत बसत नाही.

ह्यात 'मायनर' काय आहे? आपल्याला व्हायवात मार्टेन्साइट विचारतात. पाठ करतो, सांगतो, विसरतो. हल्लीच्या गाड्यांचे पिलर हॉट स्टॅम्पिंगच्या बोरॉन स्टीलचे असतात, ताकद १,५०० मेगापास्कलच्या आसपास. साध्या पत्र्याच्या चार-पाच पट! ती ताकद त्या मार्टेन्साइटमुळेच असते. तो पिलर वाकला म्हणून कोणी गॅसच्या फ्लेमने लाल करून ठोकून सरळ केला की बाहेरून तो अगदी पहिल्यासारखा दिसतो, आतून मात्र तो दुसराच धातू झालेला असतो. पुढची टक्कर होईपर्यंत फरक कुणालाच कळत नाही. त्या वेळी आत काकांची बायको आणि मुलगी बसलेली असणार होती. ज्याने ती गाडी ठोकली, तो नव्हे.

मॉडिफाय केलेल्या गाडीला ह्याशिवाय स्वतःची एक झीज असते. उदाहरण म्हणून आपल्या हॉस्टेलची लाडकी पोलो जीटी टीएसआय घ्या. चाकणला बनायची, २०१३ मध्ये आली, २०२२ मध्ये पोलो भारतात बंद झाली. १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर. तिचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. रीमॅप करून बूस्ट वाढवलं की तुम्ही त्या २५० कडे सरकता. कागदावर अजून मर्यादेतच असता, पण रोज, ट्रॅफिकमध्ये, सिग्नलवर धक्का देत. मीटरवर ४५,००० किलोमीटर दिसतात, क्लचला विचाराल तर तो लाखाच्या गोष्टी सांगेल. विकताना सॉफ्टवेअर परत ओरिजिनल केलं की हाही इतिहास पुसला.

असो. मी त्या सीनियरला विचारलं, "काकांना हे सगळं सांगितलंस का?" तो म्हणाला, "त्यांनी विचारलंच नाही."

मला ह्या उत्तराचा फार विचार करावा लागला. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये आठवड्यातून एकदा मॉरल सायन्सचा तास असायचा. खोटं बोलू नये हे त्यात दहा वर्षं शिकवलं, गप्प बसण्यावर एकही धडा नव्हता! शेवटी लॉ करणाऱ्या आतेबहिणीला फोन केला. तिने भारतीय करार कायदा काढला, १८७२ चा. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय ते दिलंय आणि खाली उदाहरणं दिलीत, घोड्याची. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा आजारी आहे हे त्याला माहीत आहे, तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. (सीनियर मंडळी, थांबा, टाळ्या नको!) दुसरं उदाहरण, घेणारी त्याचीच नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता ते नातंच असं आहे की सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. तिसरं, घेणारा म्हणतो, 'तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा चांगला आहे असं मी समजेन.' विकणारा गप्प. इथे गप्प बसणं म्हणजे बोलणंच.

पण ह्या सगळ्याच्या आधी त्याच कलमात एक गोष्ट येते. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं, ही फसवणूक. घोड्याच्या मालकाने घोड्याला रंग लावला नव्हता. लांबी भरून रंग मारणं, रेझिस्टर टाकून दिवा विझवणं, सॉफ्टवेअर परत फिरवणं, हे गप्प बसणं नाही, हे झाकणं आहे. गप्प बसणाऱ्याला कायद्याने थोडी पळवाट ठेवली आहे, घेणाऱ्याला साधी काळजी घेऊन कळलं असतं तर त्याला तक्रार करता येत नाही. पण स्टिअरिंग उघडून बघणं ही काही साधी काळजी नव्हे. आणि नात्याचं म्हणाल तर ज्या काकांनी तुमची सबमिशनची जर्नल्स शेवटच्या दिवशी सरांच्या टेबलापर्यंत पोचवली, त्यांच्याशी लिलावातलं नातं कसं लावता?

आता दुसरी बाजू. ती खरी आहे म्हणून लिहिते. त्या मुलाने ठोकल्यावर दुरुस्तीला १ लाख ९० हजार रोख घातले. मॉडिफिकेशनचे वेगळे. घरून अर्धे, अर्धे उधार. खरं सांगितलं तर गाडीचा भाव निम्म्यावर येणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही माहीत आहे. 'मग तोटा मी एकट्यानेच सोसायचा का?' असं तो म्हणाला. हो. गाडी त्याने चालवली होती.

पण तोटा कमी करायचे सरळ मार्ग असतात, ते कोणी बघत नाही. मॉडिफाय केलेली गाडी अख्खी विकण्यापेक्षा सुट्टी जास्त किमतीची असते. कॉइलओव्हर, अलॉय, इंटरकूलर, सीट हे सामान घ्यायला शौकीन तयारच असतात, आणि त्यांना ते काय घेतात हे कळतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या पार्ट्सचा अख्खा बाजार आहे. फक्त एअरबॅग आणि बेल्ट विकू नका. उरलेली गाडी चालण्यासारखी असेल तर मूळ रूपात आणून, काय झालं ते लिहून विका. नसेल तर २०२१ च्या धोरणानंतर निघालेल्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, जमा केल्याचं सर्टिफिकेट मिळतं, आणि आरसी रद्द करून घ्या. हे शेवटचं टाळू नका. मेलेल्या गाडीचा चेसी नंबर जिवंत राहिला की त्याला गिऱ्हाईक असतं. २०२१ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी पनवेलशी संबंधित एक टोळी पकडली. पुरात खराब झालेल्या, भंगारात विकलेल्या बीएस-४ गाड्यांचे चेसी नंबर बदलून त्या लोकांना विकल्या जात होत्या. शंभराहून जास्त गाड्या जप्त झाल्या.

आणि विकणाऱ्याचा स्वार्थ म्हणूनही ऐका. गाडी दिली, पैसे घेतले, फॉर्मवर सह्या करून एजंटकडे ठेवल्या म्हणजे आपण सुटलो असं नाही. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २००७ मध्ये विकलेली एक गाडी पुढे हातोहात विकली जात राहिली, नाव मात्र कोणी बदललं नाही. २००९ मध्ये अपघात झाला. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव, भरपाई त्याने द्यायची. तुमची ठोकलेली, सरळ केलेली गाडी तुमच्याच नावावर हायवेला पळतेय, ह्या विचाराने झोप लागेल का?

सरकारने आरसीवर रकाना टाकावा, असं कोणी म्हणेल. टाकावाच. अमेरिकेत इन्शुरन्सने निकालात काढलेल्या गाडीच्या कागदावर 'सॅल्व्हेज' असा शिक्का बसतो, इंग्लंडमध्ये २०१७ पासून 'एस' आणि 'एन' असे वर्ग आहेत, जपानच्या लिलावात दुरुस्त केलेल्या गाडीच्या पत्रकावर 'आर' लिहितात. पण अमेरिका-इंग्लंडचे ते शिक्के क्लेम झाला तरच बसतात. ज्याने क्लेमच केला नाही, त्याच्या गाडीवर कुठल्या देशाचा शिक्का बसणार? तिथे विकणाऱ्याचं तोंड हाच एक कागद उरतो.

आपल्याच कॉलेजमध्ये बाहाची टीम काय करते बघा. चार तासांच्या एन्ड्युरन्स रेससाठी बनवलेल्या गाडीच्या रोल केजच्या पाइपमध्ये ०.१८ टक्के तरी कार्बन आहे, ह्याचा टेस्ट रिपोर्ट घेऊन जातो आपण. परीक्षक वेल्ड तपासतात, नाही पटलं तर गाडी ट्रॅकवर जात नाही. त्यात बसणारा आपलाच मित्र असतो, म्हणून आपल्यालाही ते योग्य वाटतं.

काकांनी शेवटी त्या सीनियरला माझ्यासमोर स्पष्ट विचारलं, "बाबा, काही मोठं झालं होतं का गाडीला?" त्याने सगळं सांगितलं. विरार फाट्याच्या पुढे रात्री डिव्हायडर, डावीकडचं चाक, एअरबॅग उघडलेल्या आणि पुन्हा न बसवलेल्या. खोटं बोलला नाही, ह्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. काकांनी गाडी घेतली नाही. ती कव्हर घालून पार्किंगमध्ये उभी आहे. काका आता कमी किमतीची, साधी, क्लेम झालेली पण बिलं असलेली एक वॅगन आर बघतायत.

मी रेक्टर सरांकडे एक अर्ज देणार आहे. हॉस्टेलच्या बोर्डावर गाडी किंवा बाइक विकायची जाहिरात लावायची असेल तर तिच्यात चार ओळी असाव्यात. काय बदल केले, कधी ठोकली, दुरुस्ती कुठे आणि किती रुपयांची, एअरबॅग आणि बेल्ट कंपनीचे आहेत का. खाली विकणाऱ्याची सही. ह्याला खर्च शून्य. अर्जाची प्रत लायब्ररीच्या काउंटरवर ठेवली आहे, पटलं तर सही करा. पटलं नसेल त्यांनी मागच्या बाजूला कारण लिहा. 'सगळेच असं करतात' हे एक कारण आधीच तिथे तिघांनी लिहिलंय, ते सोडून दुसरं लिहा.